हृदय अमेरिकेत, हिशेब ऐरोलीत

परीक्षांचे निकाल लागले की शाळेच्या कार्यालयात जुन्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची ये-जा वाढते. दाखला, गुणपत्रिकेची प्रत, नावातली दुरुस्ती अशी कामे उरकली की पालक खुर्ची थोडी पुढे ओढतात आणि खरा प्रश्न विचारतात. पूर्वी तो डीएड, आयटीआय किंवा आखाती देशातल्या नोकरीबद्दल असायचा. अलीकडे कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, राबोडी, भिवंडी अशा सगळ्या बाजूंनी एकच प्रश्न येतो : "मेडिकल कोडिंग कसे आहे? मुलीने करावे का?"

विचारणाऱ्यांच्या मनात या कामाचे चित्र मात्र वेगवेगळे असते. कोणाला वाटते हे संगणकाचे प्रोग्रामिंग आहे. कोणाला वाटते रात्रभर फोनवर इंग्रजी बोलायचे कॉल सेंटर आहे. एका वडिलांना वाटत होते की मुलगी रुग्णालयात नर्सच्या हाताखाली काम करणार. ज्या कामाची नीट माहिती नाही, त्याला हो म्हणणेही चुकीचे आणि नाही म्हणणेही चुकीचे. म्हणून यावेळी आम्ही हा विषय सविस्तर मांडायचे ठरवले. या कामातली एक कठीण शाखा हृदयरोगाची आहे, तेव्हा उदाहरणेही तिचीच घेऊ.

अमेरिकेतले डॉक्टर बहुतेक रुग्णांकडून आपल्यासारखे तिथल्या तिथे रोख पैसे घेत नाहीत. रुग्णाचा खासगी विमा असतो, किंवा वय ६५च्या पुढे असेल तर १९६५च्या कायद्याने सुरू झालेली ‘मेडिकेअर’ ही सरकारी योजना असते. डॉक्टर उपचार करतात आणि मग विमा कंपनीकडे किंवा सरकारकडे पैशांची मागणी पाठवतात. या मागणीला क्लेम म्हणतात. क्लेममध्ये लांबलचक वर्णन चालत नाही, ठरलेले क्रमांक लिहावे लागतात. त्यातले मुख्य प्रकार दोन. पहिला क्रमांक सांगतो की रुग्णाला काय झाले होते. दुसरा सांगतो की डॉक्टरांनी काय केले. डॉक्टरांची टिपणे वाचून हे क्रमांक लावणे म्हणजे कोडिंग. ते क्रमांक घालून क्लेम पाठवणे, आलेले पैसे खात्यात नोंदवणे, अडलेल्या पैशांचा पाठपुरावा करणे म्हणजे बिलिंग.

रोगांच्या क्रमांकांची कल्पना काही नवी नाही. माणसे कशाने मरतात याची एकसारखी नोंद जगभर व्हावी म्हणून १८९३ मध्ये एक आंतरराष्ट्रीय यादी तयार झाली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीवरून अमेरिकेने स्वतःची अधिक बारीक यादी केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती क्लेमसाठी सक्तीची केली. त्याआधीच्या यादीत रोगांचे सुमारे १४ हजार क्रमांक होते, नव्या यादीत ते ६८ हजारांच्या वर गेले. उपचारांच्या क्रमांकांचे पुस्तक वेगळे आहे. ते अमेरिकन मेडिकल असोसिएशन काढते आणि त्याची पहिली आवृत्ती १९६६ची आहे. रोगांची यादी दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलते, उपचारांचे पुस्तक १ जानेवारीला. म्हणजे हे काम करणाऱ्याला नोकरी लागली म्हणून अभ्यास संपला असे कधीच होत नाही.

आता हे काम आपल्या दाराशी कसे आले? तीन-चार हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून चालवलेला अमेरिकेतला दवाखाना घ्या. त्याला तिथल्या पगारावर प्रशिक्षित माणसे ठेवणे महाग पडते, आणि एक माणूस सोडून गेला की महिनाभराचे पैसे अडकतात. इथल्या माणसाचा पगार कमी, इंग्रजी वाचता येते, जीवशास्त्र शिकलेले पदवीधर भरपूर. शिवाय न्यू यॉर्कपेक्षा आपले घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे आहे. तिथला डॉक्टर संध्याकाळी टिपणे लिहून घरी जातो, त्या वेळी आपल्याकडे दिवस उजाडत असतो. त्याची झोप होईपर्यंत इथे क्रमांक लागून तयार असतात.

ठाणे जिल्ह्यात या कामाचे मोठे ठिकाण म्हणजे ऐरोलीचे माइंडस्पेस. फक्त याच कामावर उभी असलेली जेब्स हेल्थकेअर सोल्यूशन्स ही कंपनी तिथे आहे. २०२४ मध्ये स्वीडनच्या ईक्यूटी या गुंतवणूक संस्थेने ती विकत घेण्याचा करार जाहीर केला. या धंद्याकडे जग किती गांभीर्याने पाहते हे त्यावरून कळावे. कल्याण-डोंबिवलीची मुले ठाण्याला उतरून पनवेल-वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल पकडतात. ही गाडी २००४ साली सुरू झाली नसती, तर ऐरोलीची नोकरी या मुलांच्या आवाक्यात आलीच नसती.

हृदयरोगाची शाखा कठीण का, हे साध्या ईसीजीवरून समजते. छातीला तारा लावून कागदावर आलेख काढणे हे एक काम. तो आलेख वाचून डॉक्टरांनी लेखी अहवाल देणे हे दुसरे काम. दवाखान्यात डॉक्टरांचेच यंत्र असेल आणि वाचलेही त्यांनीच असेल, तर दोन्ही मिळून क्रमांक ९३०००. नुसता आलेख काढला तर ९३००५. नुसता वाचून अहवाल दिला तर ९३०१०. रुग्ण मोठ्या रुग्णालयात असेल तर यंत्र आणि तंत्रज्ञ रुग्णालयाचे असतात, डॉक्टर फक्त वाचतात. तेव्हा डॉक्टरांचा हक्क ९३०१० एवढाच. तिथे ९३००० लावला, तर आलेख काढण्याचे पैसे रुग्णालयही मागणार आणि डॉक्टरही. एकाच कामाचे दोनदा पैसे! क्रमांकात फरक एका-दोन आकड्यांचा, पण एक हिशेब खरा आणि दुसरा खोटा.

अँजिओप्लास्टीचे तर आणखी बारकावे आहेत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या वेगवेगळ्या आहेत. समोरून खाली उतरणारी डावी, वळसा घेऊन मागे जाणारी डावी आणि उजवी या त्यातल्या प्रमुख. स्टेंट कोणत्या वाहिनीत बसवला हे क्रमांकापुढे दोन अक्षरांनी दाखवावे लागते. एकाच वाहिनीत दोन स्टेंट बसवले आणि दोन वेगळ्या वाहिन्यांत एकेक बसवला, या दोन्ही वेळा स्टेंट दोनच असतात, पण हिशेब वेगळा होतो. डॉक्टरांचा अहवाल तीन-चार पानांचा असतो आणि ही गोष्ट त्यात कुठेतरी मधल्या ओळीत लिहिलेली असते. ती सापडेपर्यंत वाचायचे. हे काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने आम्हाला सांगितले, "शाळेत उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायचो ना, दिवसभर तेच करते. फक्त उतारा हृदयाचा असतो."

तिचे म्हणणे आम्हाला पटले. मात्र या उताऱ्याला काही कडक नियम आहेत, आणि आमच्या मते या कामाचा सगळा कस त्या नियमांत आहे. तीन नियम सांगतो.

पहिला नियम संशयाचा. रुग्ण बाह्यरुग्ण विभागात आला, छातीत दुखत होते, डॉक्टरांनी लिहिले की हृदयविकाराचा झटका असावा, तपासणी करू. इथे झटक्याचा क्रमांक लावायचा नाही. छातीत दुखणे हे लक्षण खरे आहे, त्याचाच क्रमांक लावायचा. ‘असावा’, ‘संशय आहे’, ‘नाकारता येत नाही’ या शब्दांना निदान मानायचे नाही. विचार करा, असा चुकीचा क्रमांक लागला तर धडधाकट माणसाच्या नावावर सरकारदरबारी हृदयविकार कायमचा चढेल.

दुसरा नियम वेळेचा. झटका आल्यापासून चार आठवड्यांपर्यंत तो ताजा झटका धरला जातो आणि त्याचा क्रमांक आय २१ या गटातला असतो. चार आठवडे उलटून रुग्ण बरा झाला, की त्याची नोंद जुना झटका म्हणून आय २५.२ अशी होते. डॉक्टर मात्र सवयीने दोन महिन्यांनंतरही टिपणात तेच शब्द लिहीत राहतात. तारीख कोण पाहणार? ऐरोलीत बसलेली मुलगी पाहणार.

तिसरा नियम स्वतःच्या मर्यादेचा. टिपणात औषध लिहिले आहे, पण रोगाचे नाव नाही. औषधावरून रोग ओळखता येतो, बीयूएमएस किंवा बीफार्म झालेल्या मुलांना तर सहज येतो. तरीही तो आपल्या मनाने लिहायचा नाही, डॉक्टरांना लेखी विचारायचे. याउलट, रक्तदाब आणि हृदयाचा अशक्तपणा हे दोन्ही एकाच रुग्णाच्या टिपणात असतील, तर डॉक्टरांनी वेगळे कारण स्पष्ट लिहिल्याशिवाय त्यांचा संबंध आहे असेच धरायचे, असे नियमपुस्तक सांगते. म्हणजे कुठे जोडायचे आणि कुठे थांबायचे हेदेखील पुस्तक ठरवते, आपली हुशारी नाही.

हे तीन नियम ऐकले की आम्हाला साक्षीदाराची आठवण होते. पाहिले तेवढेच सांगायचे, ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून सांगायची नाही, जे माहीत नाही ते विचारायचे. आपल्या घरांत साक्ष आणि अमानत हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. या कामात ते रोज सकाळी टेबलावर येऊन बसतात.

आणि मोहही येतो. वर उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीनेच सांगितलेली हकीकत आहे. तिने रुग्णाचे किंवा दवाखान्याचे नाव सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. कंपनीचे नावही इथे देण्याचे कारण नाही. एका दवाखान्याच्या कामात रुग्णालयात काढलेल्या प्रत्येक ईसीजीला ९३००० हाच क्रमांक आपोआप लागून येत होता. कोणीतरी पूर्वी तसा साचा बनवून ठेवला होता. तिच्या लक्षात आले की यंत्र रुग्णालयाचे आहे, तेव्हा ९३०१० पाहिजे. तिने वरिष्ठाला दाखवले. तो म्हणाला, "साचा दवाखान्याने मंजूर केलेला आहे, तू पुढचे घे. दिवसाचा आकडा मागे पडतोय." तिला दिवसभरात ठराविक अहवाल पूर्ण करावे लागतात आणि त्यावर तिचा शेरा ठरतो. दोन दिवस ती घरी गप्प गप्प होती. तिच्या अम्मीला वाटले, तब्येत बरी नाही. तिसऱ्या दिवशी तिने दर्जा तपासणाऱ्या विभागाला लेखी कळवले आणि नियमाचे पान जोडले. महिन्याभराने साचा बदलला. तिला कोणी शाबासकी दिली नाही. त्या महिन्यात तिचा आकडा कमी पडला तो पडलाच.

हा प्रसंग लहान वाटेल, पण त्यामागचा कायदा लहान नाही. सरकारी योजनेकडून खोट्या मागणीने पैसे घेणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेत १८६३ सालापासून कायदा आहे. अब्राहम लिंकन यांच्या काळात, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी तो झाला. आज मेडिकेअरला खोटी बिले पाठवणाऱ्यांवर तोच कायदा लागतो आणि नुकसानीच्या तिप्पट वसुली होऊ शकते. दुसऱ्या बाजूने, क्रमांक हलका लावला तर डॉक्टरांचे हक्काचे पैसे बुडतात. क्रमांकांचा मेळ बसला नाही तर विमा कंपनी क्लेम नाकारते आणि कधी कधी ते बिल आजारी माणसाच्या घरी जाते. मेडिकेअरचा क्लेम उपचारापासून एक वर्षाच्या आत गेला नाही तर तो मुदतबाह्य होतो. ताजवा दोन्हीकडे झुकू शकतो. सरळ धरणे एवढेच कोडरच्या हातात असते.

पालकांनी यातली आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. बाहेरचे काम घेणाऱ्या काही कंपन्या दर अहवालामागे पैसे घेतात, काही दर कर्मचाऱ्यामागे, तर काही वसूल झालेल्या रकमेवर टक्केवारी घेतात. टक्केवारीत बिल जितके मोठे तितकी कमाई मोठी. अशा ठिकाणी सगळेच गैर करतात असे मुळीच नाही, पण मोहाला तिथे वाट मोकळी असते. म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या मुलाने नि:संकोच विचारावे : दर्जा तपासणारा विभाग वेगळा आहे का? चूक दिसली तर कळवायची पद्धत काय? चांगल्या कंपनीला हा प्रश्न आवडतो.

काही घरांतून असाही प्रश्न येतो की विम्याशी संबंध असलेली ही कमाई चालेल का. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. जाणकार आलिमांना विचारावे. पण विचारताना काम नीट समजावून सांगावे. कोडर विमा विकत नाही, व्याज मोजत नाही. डॉक्टरांनी केलेल्या उपचाराची नोंद तो खरी करतो. अर्धवट प्रश्नाला पुरे उत्तर मिळत नाही.

आता रात्रपाळीची गोष्ट. मुलींच्या बाबतीत पहिली अडचण हीच येते आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. या क्षेत्रात कामे दोन प्रकारची आहेत. कोडिंग, क्लेम भरणे, पैशांची नोंद ही कागदाची कामे आहेत. ती पुष्कळ ठिकाणी दिवसपाळीत होतात. अडलेल्या पैशांसाठी अमेरिकेतल्या विमा कंपनीला फोन करण्याचे काम मात्र रात्री होते, कारण तिथले कार्यालय तेव्हाच उघडे असते. त्याला एआर कॉलिंग म्हणतात. जाहिरातीत दोन्हींना ‘मेडिकल बिलिंग’ असेच म्हटलेले असते. मुलगी कोडिंग समजून जाते आणि हाती रात्रीचा हेडफोन येतो. नेमणुकीच्या पत्रावर पद आणि पाळी वाचल्याशिवाय सही करू नये.

रात्रपाळी घ्यायचीच असेल तर कायदा माहीत हवा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाने करावी लागते. ही मेहेरबानी नाही, कायद्याची अट आहे. गाडी वस्तीच्या नाक्यापर्यंत येते की दारापर्यंत, हे आधीच विचारावे. आणि मुलांच्या रात्रपाळीचाही विचार व्हावा. मुलगा आहे म्हणून त्याची झोप, पोट आणि डोके वेगळे नसते. एआर कॉलिंग करणारे आमचे काही माजी विद्यार्थी चांगले कमावतात, पण घरात सगळे उठतात तेव्हा ते झोपतात. ईदच्या दिवशीही अमेरिकेचे कार्यालय उघडेच असते.

दिवसपाळीचाही एक धोका आहे आणि तो कंपनीच्या बाहेर आहे. कल्याण-ठाणे प्रवास सकाळच्या गर्दीत करावा लागतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही. काही कंपन्यांत सकाळी लवकरची पाळी असते, काही ठिकाणी अनुभवी लोकांना घरून काम मिळते. हजार-दोन हजार कमी मिळाले तरी गर्दी टळत असेल, तर ती पाळी स्वस्त पडली असे आम्ही समजू.

हे काम म्हणजे दुसऱ्याच्या आजाराची अमानत सांभाळणे आहे. रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेसाठी अमेरिकेत १९९६चा कायदा आहे आणि तो पाळण्याची जबाबदारी काम घेणाऱ्या परदेशी कंपनीवरही करारातून येते. म्हणूनच अनेक ठिकाणी कामाच्या जागी मोबाइल, वही, पेनसुद्धा नेऊ देत नाहीत. घरच्यांनी याचा राग मानू नये. अम्मीने दुपारी फोन केला आणि मुलीने उचलला नाही, तर तिचा फोन खालच्या लॉकरमध्ये आहे एवढेच समजावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या अमेरिकेतल्या मोठ्या क्लेम-कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशभरातले क्लेम अडकून पडले आणि कोट्यवधी लोकांची माहिती चोरीला गेली. तेव्हा नियम कडक असलेले बरेच.

शिक्षणाचे काय? जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीयूएमएस, बीएचएमएस, डीएमएलटी अशी पार्श्वभूमी असलेल्यांना हे काम लवकर जमते. या क्षेत्रातली सर्वांत परिचित परीक्षा अमेरिकेतल्या एएपीसी या संस्थेची सीपीसी. १०० प्रश्न, चार तास, उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के. मंजूर पुस्तके जवळ ठेवता येतात. पुस्तके उघडी असूनही मुले नापास होतात, कारण परीक्षा शोधण्याची आणि वाचण्याची आहे, पाठांतराची नाही. अनुभव नसताना उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्रावर ‘अ’प्रेंटिसचे एक अक्षर जास्त राहते, ते कामाचा अनुभव दाखवल्यावर निघते. हृदयरोगाच्या कोडिंगसाठी याच संस्थेची सीसीसी ही वेगळी परीक्षा आहे, पण ती काही वर्षे काम केल्यानंतर द्यावी.

या परीक्षेच्या नावाने ठाणे-कल्याणच्या स्टेशनबाहेर क्लासच्या पाट्या लागल्या आहेत. काही क्लास चांगले आहेत. काही ‘शंभर टक्के नोकरी’ असे लिहितात. अब्बांनी कर्ज काढून किंवा अम्मीने बांगड्या मोडून फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. फीमध्ये परीक्षेचे शुल्क आणि पुस्तके धरली आहेत का? शिकवणाऱ्याकडे स्वतःचे प्रमाणपत्र आहे का? पुस्तके चालू वर्षाची आहेत का? आणि गेल्या तुकडीतल्या दोन मुलांशी बोलता येईल का? शिवाय काही कंपन्या पदवीधरांना स्वतःच घेऊन, पगार देऊन शिकवतात. आधी तिथे अर्ज करावा, क्लास नंतर. मात्र तिथे ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड असेल तर तो वाचून घ्यावा.

उर्दू आणि मराठी माध्यमातली मुले इंग्रजीच्या भीतीने मागे राहतात, याबद्दल आम्हाला वर्गातला अनुभव सांगायचा आहे. उर्दूत शिकलेल्या मुलाला ‘शिरयान’ आणि ‘वरीद’ माहीत असते. मराठीत शिकलेल्या मुलाला ‘धमनी’ आणि ‘शिरा’. दोघांनाही माहीत असते की एक हृदयाकडून रक्त नेते आणि दुसरी परत आणते. समज तयार आहे, फक्त ‘आर्टरी’ आणि ‘व्हेन’ ही नावे जोडायची आहेत. वैद्यकीय इंग्रजीतले बहुतेक मोठे शब्द तुकड्यांनी बनलेले असतात. ‘कार्डिओ’ म्हणजे हृदय, ‘मायो’ म्हणजे स्नायू, ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, शेवटी ‘आयटिस’ आला की दाह, ‘स्टेनोसिस’ म्हणजे अरुंद होणे. असे शंभर तुकडे वहीत लिहून पाठ केले तर हजार शब्द उघडतात. अरबी धातूंवरून शब्द ओळखायची सवय असलेल्या उर्दूच्या मुलांना हे लवकर जमते, असे आमच्या पाहण्यात आहे. फाडफाड बोलणाऱ्या इंग्रजीची गरज रात्रीच्या फोनला लागते. कोडिंगला समजून वाचणारी इंग्रजी पुरते.

शेवटचा प्रश्न संगणकाचा. यंत्रच क्रमांक लावू लागले तर मुलांचे काय? यंत्राने सुरुवात केली आहे. साधा ईसीजी, साधा एक्स-रे, नेहमीची सोनोग्राफी यांचे क्रमांक काही ठिकाणी आता माणसाशिवाय लागतात. म्हणून ज्याला फक्त सोपे अहवाल भराभर उरकायची सवय लागेल, त्याची नोकरी आधी जाईल. नाकारलेला क्लेम का नाकारला हे शोधणे, तीन वाहिन्यांच्या गुंतागुंतीचा अहवाल उलगडणे, यंत्राने लावलेला क्रमांक तपासणे, डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारणे ही कामे जाणत्या माणसाकडे राहतील. साच्याने लावलेला ९३००० चुकीचा आहे हे ज्या मुलीने ओळखले, ती यंत्राची चूकही ओळखेल. पहिली दोन वर्षे पगारापेक्षा कठीण काम मागून घ्यावे, असा आमचा सल्ला आहे.

तेव्हा मुलीने हे काम करावे का, याला आमचे उत्तर असे. बारकाईने वाचण्याची आवड असेल, एका जागी बसून काम करण्याचा धीर असेल आणि दिसले तेवढेच लिहिण्याचा स्वभाव असेल तर जरूर करावे. नुसता एसी आणि ओळखपत्राची दोरी पाहून करू नये.

आवड आहे की नाही हे तपासायला फी लागत नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणाची ना कोणाची हृदयाची फाइल कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली असते. दादांची असेल, नानींची असेल. त्यातले डिस्चार्ज कार्ड काढून मुलाच्या हाती द्या आणि एका कागदावर तीन रकाने आखायला सांगा. डॉक्टरांना काय आढळले, डॉक्टरांना कशाचा संशय होता, डॉक्टरांनी काय केले. तासाभरानंतरही तो त्या कार्डावर वाकलेला दिसला, तर हे काम त्याच्यासाठी आहे. आणि नाहीच जमले तरी नुकसान नाही. दादांच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवायला एक नीट लिहिलेला कागद तयार झालेला असेल.